वडिलांच्या ऑफिसातले नकाशे रद्दीत द्यायचे नाहीत, पण मग द्यायचे कुठे?

पंचगंगाकाठची

नमस्कार. मी बँकेत नोकरी करते, आर्किटेक्ट नाही. त्यामुळे एखादा शब्द चुकला तर सांभाळून घ्या.

माझे वडील कोल्हापुरात आर्किटेक्ट होते. १९६८ ते २००९ अशी एकेचाळीस वर्षं शाहूपुरीत त्यांचं ऑफिस होतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता ती जागा विकायची ठरतेय. भाऊ बंगळुरूला असतो, त्याच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मिळाली आहे. टेबलं, ड्राफ्टर, लोखंडी कपाट यांची सोय होईल. पोटमाळ्यावरच्या नकाशांचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पुराचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा ऑफिसात कमरेइतकं पाणी होतं. खालच्या कपाटातल्या पत्रव्यवहाराच्या फायलींचा अक्षरशः लगदा झाला. पाणी ओसरल्यावर बाबांना घेऊन गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, चिखलात उभा राहून त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि विचारलं, "माळा कोरडा आहे ना?" माळा कोरडा होता.

त्या माळ्यावर दोनशेच्या आसपास गुंडाळ्या आहेत. प्रत्येक गुंडाळी जुन्या धोतराच्या पट्टीने बांधलेली, पट्टीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर जॉब नंबर. सोबत एक जाडजूड जॉब रजिस्टर आहे, १ पासून ६१४ पर्यंत. सहकारी बँकांच्या शाखा, दूध संस्था, साखर कारखान्याची कामगार वसाहत, शाळा, एक नाट्यगृह (बांधलंच गेलं नाही), राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातले बंगले. बहुतेक ट्रेसिंगवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या कागदावर, शाईने. काही निळ्या प्रिंट, बऱ्याचशा अमोनिया प्रिंट (ट्रेसिंगवरून अमोनियाच्या वाफेने काढलेल्या प्रती). शाळेतून आल्यावर मी ऑफिसात बसायचे. रॉट्रिंग पेनाची शाई वाळेपर्यंत कुणी टेबलाला हात लावायचा नाही हा नियम होता. रेघ चुकली की ड्राफ्ट्समनकाका दाढीचं ब्लेड घेऊन ती इतकी हलकी खरवडायचे की कागदाला कळायचंसुद्धा नाही. मागच्या खोलीतून अमोनियाचा वास यायला लागला की समजायचं, आज कुणाची तरी फाईल नगरपालिकेत जाणार.

रद्दीवाल्याला नुसतं विचारून पाहिलं. तो म्हणाला, ट्रेसिंगला भाव नाही, प्रिंटला मिळेल. मग एका आर्किटेक्चर कॉलेजात गेले. तिथल्या बाईंनी चांगलं बोलून चहा दिला, पण उत्तर असं मिळालं की जागा नाही, आणि हे अभ्यासक्रमात बसत नाही. त्यातले दहा देखणे नकाशे निवडून द्या, फ्रेम करून लावू, असं म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. दहा कुठले निवडू?

तर विचारायचं आहे ते असं. सगळं ठेवावं की निवडावं? दिवाळीपर्यंत हे कागद सुरक्षित कसे ठेवायचे? एखादं विद्यापीठ घेईल का? आणि घेतलं, तर पुढे ते कुणी बघेल का, की आमच्या माळ्यावरून त्यांच्या माळ्यावर? मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न छळतोय.

चुनखडी

ताई, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, साताऱ्यात असतो. सविस्तर लिहायला इथे जाणकार येतीलच. तोवर तातडीचं.

पाऊस चालू असताना गुंडाळ्या उघडू नका. ट्रेसिंग पेपर दमट हवेत फुगतो, कडेने लाटा येतात, मग सपाट होत नाही. लॅमिनेशन अजिबात नको, कुणी कितीही प्रेमाने सुचवलं तरी. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, आणि आधीची असेल तर ओढून काढू नका. झेरॉक्सच्या दुकानातल्या रोलरच्या मोठ्या स्कॅनरमध्ये जुनं ट्रेसिंग घालू नका. माझ्या डोळ्यांदेखत एक १९५२ चा नकाशा आत गेला आणि तीन तुकड्यांत बाहेर आला.

डांबरगोळ्या कागदात ठेवल्या असतील तर काढा. कसर लागलीय का ते चिठ्ठ्यांच्या पुठ्ठ्यावर आधी दिसतं. तिला खळ आवडते.

मोजपट्टी

पंचगंगाकाठची, तुमचा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. मी पस्तीस वर्षं आर्किटेक्चर शिकवलं, आता निवृत्त आहे. दहा निवडा असं सांगणाऱ्यांपैकी मीही एके काळी होतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी "निवडावं का" याबद्दल. चित्र म्हणून देखणा नकाशा आणि नोंद म्हणून मोलाचा नकाशा हे बहुतेक वेळा वेगळे असतात. देखणा असतो तो दर्शनी बाजूचा, सावल्या टाकलेला, गिऱ्हाईकाला दाखवायला केलेला. दरवाजाच्या चौकटीचा पूर्ण मापाचा तपशील, जिन्याचा छेद, पावसाळी पाण्याच्या पन्हळीचा आकडा, मिस्त्रीने लाल पेन्सिलीने केलेली खूण, हे काही भिंतीवर लावायला कुणी मागत नाही. पण १९७४ साली कोल्हापुरात स्लॅब कशी टाकत होते, कुठला दगड किती जाडीचा लावत होते, सागवान परवडेनासं झाल्यावर लोखंडी खिडकी कधी आली, हे त्याच कागदांवर आहे. तेव्हा ट्रेसिंग सगळी ठेवा. कमी करायचंच असेल तर एकाच ट्रेसिंगच्या चार-चार अमोनिया प्रिंट असतील त्यातल्या कोऱ्या काढा. नगरपालिकेचा शिक्का, सही किंवा साइटवर केलेल्या खुणा असलेली एकही प्रिंट काढू नका. बांधताना काय बदललं ते फक्त तिच्यावर असतं. आणि न बांधलेलं नाट्यगृह तर काळजाशी धरून ठेवा. जी इमारत उभी आहे ती पुन्हा मोजता तरी येते.

रजिस्टर हा तुमच्याकडचा सगळ्यात मोठा ठेवा आहे. बहुतेक ऑफिसांचे नकाशे उरतात आणि रजिस्टर जातं, मग कुठला बंगला कुणाचा हे शोधण्यात वर्षं जातात. त्याचा पानन् पान फोटो आजच काढा, पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. गुंडाळ्या बाबांनी ज्या क्रमाने लावल्यात तो क्रम मोडू नका. शाळा एकीकडे, बँका एकीकडे असं लावायचा मोह होईल, पण तसं केलंत तर कुठल्या कामाच्या शेजारी कुठलं काम चालू होतं ही माहिती कायमची गेली.

ठेवण्याबद्दल. निळ्या प्रिंट आणि अमोनिया प्रिंट एकत्र गुंडाळलेल्या असतील तर सुटी करून वेगळ्या ठेवा. अमोनिया प्रिंटमधली रसायनं वर्षानुवर्षं काम करत राहतात, ती स्वतः पिवळी पडते आणि शेजारणीलाही डागाळते. निळी प्रिंट म्हणजे लोखंडाच्या क्षारांनी केलेलं चित्र, जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही पद्धत काढली. उन्हात ती फिकी होते आणि अंधारात ठेवली तर थोडीफार परत येते. मात्र तिला अल्कली चालत नाही. आम्ल मारण्यासाठी चुन्याचा अंश घातलेला खास कागद बाजारात मिळतो, तो इतरांना चांगला पण निळ्या प्रिंटला घातक. तिला साधा उदासीन कागद द्या. काही नकाशे मेणकापडासारख्या ट्रेसिंग क्लॉथवर असतील, तर ते तागाचं किंवा सुती कापड असतं, वर खळीचा थर. पाण्याचा एक थेंब पडला की पांढरा डाग, आणि तो जात नाही. गुंडाळी आतून पोकळ ठेवू नका, चारेक इंच व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळा, वरून स्वच्छ मांजरपाट. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा कोंडते, ती नको. धोतराच्या पट्ट्या छान आहेत, फक्त गाठ सैल करा.

आता विद्यापीठ घेईल का आणि कुणी बघेल का.

एक गोष्ट सांगतो. आम्ही एका वर्षी वाईत एक वाडा मोजला. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची देशभरची जी संघटना आहे, नासा, तिच्या अधिवेशनात दस्तऐवजीकरणासाठी लुई कान या अमेरिकन आर्किटेक्टच्या नावाचा करंडक असतो. आमची मुलं त्यासाठी तीन आठवडे वाड्यात राहिली. कडीपाटाच्या प्रत्येक खणाची मापं, खांबाखालच्या तळखड्याचा घेर, दिंडी दरवाजाचे खिळेसुद्धा मोजले. चाळीस शीट. अधिवेशन झालं, शीट परत आली, स्टुडिओतल्या कपाटावर गेली. दोन वर्षांनी सुट्टीत रंगकाम निघालं आणि रंगाऱ्याने फरशी झाकायला ती वापरली. मी तिथे शिकवत होतो. मला आठ दिवसांनी कळलं. कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं. त्या शीटना विचारणारा माणूस कॉलेजबाहेर एकही नव्हता आणि आत मीही नव्हतो.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. वाडा मोजला की नकाशे पहिल्यांदा त्याच वाड्याच्या ओसरीवर लावायचे, दोन दिवस, शनिवार-रविवार. गल्लीतल्या सगळ्यांना बोलवायचं. पहिल्याच खेपेला एक आजी आल्या, ऐंशी-पंच्याऐंशीच्या. छेद म्हणजे काय हे एका मुलीने त्यांना समजावलं: आजी, वाडा सुरीने उभा कापला आणि आत बघितलं तर असा दिसेल. आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि माजघराच्या जाड भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे बळद होतं. तुम्ही भरीव दाखवलंय." धान्याचं बळद, भिंतीच्या पोटात. कोयनेच्या भूकंपात, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, भिंतीला तडा गेला तेव्हा ते विटांनी भरून टाकलं होतं. आमच्या मुलांनी बाहेरून माप घेतलं होतं आणि आत काय आहे हे त्यांना कळायचा मार्गच नव्हता. संध्याकाळी त्या मुलीने आजींना शेजारी बसवून शीटवर तुटक रेघेने बळद काढलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वाड्यातले एक जण १९२० च्या आसपासचं वाटणीपत्र घेऊन आले, त्यात खोल्यांची नावं होती.

तेव्हापासून मी लोकांसमोरचं प्रदर्शन आणि नकाशांचं जतन ही दोन कामं वेगळी मानत नाही. कपाटातला नकाशा आमच्या चुकीसकट तसाच राहिला असता.

ही कल्पना काही माझी नाही. मुंबईच्या जे.जे. आर्किटेक्चर कॉलेजात क्लॉड बॅटली प्राचार्य होते, १९२३ ते १९४३, ते विद्यार्थ्यांना जुन्या इमारती मोजायला लावत, आणि त्या मोजणीतून पुस्तक झालं. जे.जे.च्याच माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये सुरू केलेल्या मंडळाची पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली, आणि तिने १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं. आर्किटेक्ट म्हणजे काय करतो हे तेव्हा सामान्य माणसाला माहीत नव्हतं, ते दाखवायला. परवापरवा, २०१६ मध्ये, मुंबईत एनजीएमए या सरकारी कलादालनात 'द स्टेट ऑफ आर्किटेक्चर' हे स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन झालं. मी तीनदा गेलो. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने आपलं अभिलेखागार उभं केलं आहे. पण जिल्ह्याच्या गावातल्या ऑफिसाचे कागद अजून कुणाच्या यादीत नाहीत. कोल्हापूर म्हटलं की मेजर मँटचा नवा राजवाडा येतो, आणि यायलाच हवा. पण कोल्हापूरकर ज्या बँकेत पैसे भरतो आणि ज्या शाळेत शिकतो, ती तुमच्या वडिलांसारख्यांनी काढलेली आहे.

"अभ्यासक्रमात बसत नाही" हे मला पटत नाही. दुसऱ्या वर्षाला बांधकामतंत्र असतं, पुढे एस्टिमेट असतं, मोजणी तर असतेच. एका वर्गाला जॉब नंबर देऊन सांगा: मूळ नकाशा हा, इमारत अमुक चौकात उभी आहे, जाऊन आज ती कशी आहे ते मोजून आणा आणि दोन्ही शेजारी लावा. कुठली बाल्कनी कोंडून घेतली, कुठे पत्रा आला, का आला. सहा महिन्यांचा अभ्यास आहे तो, आणि शेवटी प्रदर्शन.

म्हणून मागताना "कागद ठेवायला जागा द्या" असं मागू नका. करार करा आणि त्यात लिहून घ्या: पूर्ण यादी सर्वांना बघता येईल, वर्षातून एकदा तरी काही नकाशे लोकांसमोर लागतील, नकाशा मागणाऱ्याला ठरलेल्या वारी दाखवला जाईल, आणि संस्थेला नकोसं झालं तर टाकून न देता आधी तुम्हाला विचारलं जाईल. हे मान्य करणारी छोटी संस्था मोठ्या नावाच्या न करणाऱ्या संस्थेपेक्षा बरी.

दिवाळीची मुदत फार जवळ आहे. कागद आधी घरी हलवा, कोरड्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर. मग विद्यापीठाचं बघू. मी कोल्हापूरला येऊन चार दिवस राहायला तयार आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातासमुद्रापार

मास्तर, लुई कानच्या नावाने करंडक आहे म्हणालात, म्हणून त्या कानच्याच कागदांचं काय झालं ते सांगते. मी फिलाडेल्फियात राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे सगळं नवऱ्यामुळे कळलं.

कान अहमदाबादच्या आयआयएमचं काम बघून परतत असताना मार्च १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनवर वारले. ऑफिसवर मोठं कर्ज होतं. नकाशे विकून ते फेडावं लागणार आणि संग्रह विखुरणार अशी वेळ आली होती. तेव्हा पेनसिल्व्हेनिया राज्याने सगळा संग्रह विकत घेतला आणि तो सांभाळायला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे दिला. त्यासाठी १९७८ मध्ये तिथे वास्तुकलेचं स्वतंत्र अभिलेखागार सुरू झालं. आज ते कॅम्पसवरच्या लाल दगड-विटांच्या जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत आहे आणि खाली एक छोटं दालन आहे, तिथे प्रदर्शनं लागतात, तिकीट नाही. वेळ ठरवून गेलं तर नकाशे काढून समोर ठेवतात. मी विद्यार्थी नाही, तरी मला दाखवले. पिवळ्या पातळ कागदावर कोळशाने काढलेल्या कमानी. कोळसा अजून हाताला लागेल असं वाटतं.

त्यातले अहमदाबादचे नकाशे बघताना मला आपले अनंत राजे आठवले. मुंबईचे, जे.जे.चे. १९६० च्या दशकात ते इथे कानच्या ऑफिसात काम करत होते, आणि कान गेल्यावर आयआयएमचं पुढचं काम त्यांनी पाहिलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये तिथली बहुतेक वसतिगृहं पाडायची जाहिरात आली तेव्हा जगभरातून पत्रं गेली आणि १ जानेवारी २०२१ ला ती मागे घेतली गेली. पुढे पुन्हा तो विषय निघालाच. पण इतक्या लोकांना ती वसतिगृहं ओळखीची कशी होती? वर्षानुवर्षं कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात ती नकाशावर, भिंतीवर, व्याख्यानात बघितली होती म्हणून.

दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं सभागृह आठवा. राज रेवल आणि महेंद्र राज यांचं, १९७२ चं. एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडलं. तेव्हाही पत्रं गेली होती. नकाशे असले म्हणजे इमारत वाचतेच असं नाही, हे मी मान्य करते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी त्यांची सहा हजारांहून जास्त रेखाटनं लंडनच्या रिबाला, म्हणजे ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेला, दिली, २०१३ मध्ये. सुरक्षित आहेत याचा आनंद आहे. पण पंचगंगाकाठची, तुमचे नकाशे कोल्हापुरातच राहावेत असं मला इथे इतक्या लांब बसून फार वाटतं. तुमचे जे लोक बघायला येतील ते चालत किंवा केएमटीच्या बसने येणारे आहेत. (पणजीत कोरिया फाउंडेशन शहरातल्या लोकांसाठी कार्यक्रम करतं, ते एकदा जाऊन बघा, कोल्हापूरहून फार लांब नाही.)

दावा_नंबर

फक्त कायद्याचं. कागद कुणाचा आणि कॉपीराइट कुणाचा हे दोन वेगळे विषय आहेत. आर्किटेक्टच्या नकाशावर कॉपीराइट असतो, तो त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे आता तो तुम्हा वारसांकडे आहे. देणगीपत्रावर भावाचीही सही घ्या आणि प्रकाशनाची परवानगी कुणाला, कशासाठी, हे वेगळ्या कलमात लिहा.

दुसरं, बँकांचे नकाशे. स्ट्राँगरूमची भिंत, लॉकर, तिजोरीची जागा यात दिसणार. त्या शाखा चालू असतील तर ती शीट प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर नको. बंगल्यांबाबतही आत राहणाऱ्यांना विचारूनच. यादीत नाव ठेवा, शीट बंद ठेवा.

मागाचा_आवाज

मी इचलकरंजीचा. वाचता वाचता एकदम लक्षात आलं. आमची शाळा, १९७६-७७ ला बांधलेली, दुमजली, काळ्या दगडाचं जोतं, मधल्या जिन्याला अर्धगोल वळण. आमचे हेडमास्तर सांगायचे, कोल्हापूरच्या आर्किटेक्टने फी न घेता काढून दिली. नाव सांगायचे, ते मला आठवत नाही. रजिस्टरमध्ये आहे का बघाल? आता ती पाडून चार मजली करायचं चाललंय. माजी विद्यार्थ्यांची बैठक आहे पुढच्या महिन्यात.

पंचगंगाकाठची

सगळ्यांचे आभार. तीन आठवडे गप्प होते कारण काम चालू होतं.

मास्तर खरंच आले. चार दिवस म्हणाले होते, सहा राहिले. रजिस्टरचे सगळे फोटो झाले. पावसाने उघडीप दिली त्या दोन दिवसांत गुंडाळ्या माझ्या मावशीच्या घरी हलवल्या, टेंभलाईच्या बाजूला, उंचावर. तिथे पाणी येत नाही. एकूण २१७ निघाल्या. कोऱ्या जादा प्रिंट बाजूला काढल्यावर त्यातल्या सोळा कमी झाल्या, बाकी सगळं ठेवतेय. ड्राफ्ट्समनकाकांना शोधलं, ते कागलला असतात, वय ७८. चिठ्ठीवरचा पुसट नंबर नुसतं अक्षर बघून सांगतात, हे माझं, हे साहेबांचं. भाऊ एका शनिवारी आला होता. त्याने स्वतः चाळीस गुंडाळ्या जिना चढवल्या आणि देणगीपत्रावर सही करायला तयार आहे म्हणाला. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे होतं ते मी इथे लिहिलं नव्हतं, ते बरंच झालं.

बँकांची शीट वेगळ्या नळ्यांत घालून त्यावर लाल खूण केली आहे. दावा_नंबर, तुम्ही सांगितलं नसतं तर मी पहिली तीच लावली असती, रेघा इतक्या सुंदर आहेत.

एका विद्यापीठाशी बोलणं सुरू झालंय. त्यांनी करारातलं वर्षातून एकदा प्रदर्शनाचं कलम मान्य केलं, ठरलेल्या वारी नकाशे दाखवायचं अजून नाही. आम्ही थांबलोय. तोपर्यंत मावशीच्या हॉलमध्ये दर रविवारी चार जण येऊन बसतात. त्यात दोघी कॉलेजच्या मुली आहेत, पहिल्या दिवशी मला चहा दिला होता त्या बाईंनीच पाठवलेल्या. बाई स्वतः मागच्या रविवारी आल्या होत्या.

मागाचा_आवाज, तुमची शाळा सापडली. जॉब नंबर २०३. रजिस्टरमध्ये फीच्या रकान्यात आडवी रेघ आहे. नऊ शीट आहेत, जिन्याचं वळण पूर्ण मापात काढलंय, एका शीटवर साइटवरच्या चिखलाचा अंगठा अजून आहे. आणि पाण्याच्या टाकीच्या तपशिलावर बाबांनी पेन्सिलीने लिहिलंय: "बालवर्गासाठी दोन नळ ९ इंच खाली घेणे. मुलं टाचा उंच करून पाणी पितात." तुमच्या बैठकीची तारीख कळवा. त्या शीटच्या मोठ्या प्रती करून घेतेय आणि स्वतः घेऊन येतेय. ते दोन नळ अजून तिथे असतील तर त्यांचा एक फोटो काढून ठेवा.